मारिया हाकोबेचा खराटा

१५ मार्च, बुधवार

हात मोडला. डावा, म्हणून लिहिता तरी येतंय.

सेल्मोला फोनवर सांगितलं, न्हाणीघरात पाय घसरला. खोटं. उपवासकाळात आईने मुलाशी खोटं बोलावं! खरं म्हणजे नारळाच्या सोडणाने घात केला. बैठकीच्या लाकडी जमिनीला सकाळी मेण लावलं होतं. केझिया शाळेत शिकवायला गेलेली. घरात कुणी नाही. अर्धं सोडण पायाखाली घेतलं आणि लागले जमीन घासायला, कॉन्व्हेंटमध्ये घासायचो तशी. एक पाय सोडणावर, हात कमरेवर, डावीकडे झोक, उजवीकडे झोक. लांबलचक व्हरांड्यात आम्ही बारा मुली एका रांगेत, बदकांसारख्या. टोकाला सिस्टर वाल्बुर्गा, हातात घड्याळ. गाणं म्हणायची परवानगी फक्त तेवढ्या वेळापुरती, म्हणून मला जमीन घासायला फार आवडायचं. आज गाणंही म्हटलं. तिसऱ्या कडव्याला पडले.

वय वर्षं सहासष्ट.

शेजाऱ्यांनी शाळेत निरोप धाडला, सून धावत आली. प्लास्टर होईपर्यंत बाकावर बसून राहिली. येताना तीनचाकीत, सेल्मो आईला हाक मारतो तशीच हाक मारून म्हणाली, "नानाय, गाणं कुठलं होतं?"

न्हाणीघर तिला पटलंच नव्हतं. माझ्या टाचेला मेण लागलेलं होतं, आणि गाणं शेजारपर्यंत ऐकू गेलं होतं.

१६ मार्च, गुरुवार

प्लास्टर सहा आठवडे. उत्तम शुक्रवार तीन आठवड्यांवर. मारियाला कपडे कोण चढवणार?

आमच्या घरची मूर्ती, मारिया हाकोबे, खराट्यावाली. प्रभूच्या कबरीपाशी गेलेल्या तीन मारियांपैकी हिलाच कुणी ओळखत नाही. साबेलच्या घरच्या माग्दालेनाला खरे केस आहेत, हातात चांदीची अत्तरदाणी आहे. तिला बघायला तळ्यापलीकडच्या गावांतून माणसं येतात. आमचीच्या हातात खराटा. कबर झाडायला निघालेली बाई. मिरवणुकीत सगळ्यात पुढे सेंट पीटर आणि त्याचा कोंबडा, त्यामागे आमचा गाडा. साबेल म्हणते, "बरोबरच आहे, रस्ता झाडायला पुढे कुणीतरी हवंच." आम्ही दोघी एका बाकावर शिकलो. चाळीस वर्षं ती हा विनोद करते आणि चाळीस वर्षं मी हसते.

पणजीकडून आजीकडे, आजीकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे. बायकांकडून बायकांकडे. कपडे चढवताना दार बंद, पुरुषाने बघायचं नाही. म्हणजे सेल्मो जहाजावर नसता तरी उपयोग नव्हता. साबेलचे गुडघे शिडी चढत नाहीत. मला मुलगी नाही.

राहिली केझिया. आणि केझिया मूर्तीला हात लावत नाही.

१७ मार्च, शुक्रवार

विचारलं. मुगाची आमटी वाढता वाढताच विचारलं, म्हणजे सहज विचारल्यासारखं वाटेल.

तिने वाटी खाली ठेवली. "नानाय, मला नाही जमणार. रागावू नका. दुसरी आज्ञा आहे, मूर्तीपुढे वाकू नको."

आमच्या धर्मशिक्षणात दुसरी आज्ञा देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको ही. मूर्तींचं पहिलीतच येतं. आज्ञांचे आकडेसुद्धा जुळत नाहीत आमचे! तिची प्रोटेस्टंट मंडळी बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरते. ना क्रूसावरचा प्रभू, ना मेणबत्ती. गिटार आहे म्हणतात. लग्नाला पाच वर्षं झाली, मी कधी वर गेले नाही.

रागावले नाही. म्हणजे थोडी रागावले. पण तिने मान खाली घालून सांगितलं, तोंड वर करून नाही. मनातून मानत नसताना माझ्या भीतीने हो म्हणाली असती तर? तसली मदत मारियाला तरी काय कामाची.

आमटी छान झाली होती.

१९ मार्च, रविवार

मनिलाहून मोनिनाचा फोन. चुलतभावाची मुलगी. हॉटेलं सजवण्याचा तिचा व्यवसाय आहे. मागच्या वर्षीपासून मारियाला मागते आहे.

"आत्या, तुमच्यानंतर कोण आहे तिला? तुमची सून तर तिच्याकडे बघतसुद्धा नाही. इथे काचेच्या कपाटात राहील. थंड हवा, वाळवी नाही, चोवीस तास दिवे. माणसं येता-जाता बघतील."

"गुडघे टेकतील?" मी विचारलं.

"आत्या, ते हॉटेल आहे."

काच बसवणारा माणूस ईस्टरनंतर येणार आहे, म्हणून ईस्टरच्या सोमवारपर्यंत उत्तर हवंय. फोन ठेवल्यावर खूप वेळ मारियाच्या खोलीत बसले. मोनिना चुकीचं काही बोलत नाही. हाच त्रास आहे.

नंतर अंगणातली पानं झाडावीत म्हटलं, तर खराटा जागेवर नाही. रविवारी सकाळी तो कधीच जागेवर नसतो. केझियाही नसते. त्यांची प्रार्थना नऊला, आणि ही घरातून निघते सहाला. माझ्याबरोबर मिस्सेला चर्चच्या दारापर्यंत चालायला नको, म्हणून असेल.

२३ मार्च, गुरुवार

केझिया शाळेतून आली ती नारळाची एक झावळी फरफटत.

"तुमच्या मारियाला दर वर्षी नवा खराटा लागतो ना? तो मी करते."

"आणि दुसरी आज्ञा?"

"खराटा म्हणजे खराटा," ती म्हणाली. मागच्या पायरीवर बसली, गुडघ्यावर गोणपाट घेतलं आणि सुरीने एकेक हीर सोलायला लागली. काय हात चालतो पोरीचा! मी हीर वेचून एकसारखे लावत होते, एका हाताने. लहानपणी तळ्याकाठच्या आजीकडे हेच करायची म्हणे. पाच वर्षांत मला ठाऊक नव्हतं की तिला अशी आजी होती. वेताची दोरी दातात धरून तिने शेवटची गाठ मारली आणि खराटा हवेत फिरवला. सूं असा आवाज आला.

इतका देखणा खराटा मारियाला आईच्या वेळीसुद्धा नव्हता.

२ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

झावळ्यांबरोबर खराट्यालाही आशीर्वाद मिळाला. फादर उर्बानोंनी पवित्र पाणी इतकं शिंपडलं की माझा चष्मा भिजला. मी त्याला जांभळी फीत बांधली, घरी आणला, स्वयंपाकघराच्या दारामागे टेकवून ठेवला. शुक्रवारपर्यंत.

४ एप्रिल, मंगळवार

आज हसून हसून पोट दुखलं, तेही पवित्र आठवड्यात. पापनिवेदनात सांगावं लागेल.

एका हातानेच कपडे चढवू असं ठरवून दार लावलं. शिडीवर दोन पायऱ्या चढले. जामा खांद्यावर टाकला की दुसऱ्या बाजूने घसरायचा. तिसऱ्यांदा घसरल्यावर बाहेरून आवाज, "नानाय, शिडी कोण धरतंय?"

"कुणी नाही."

दार उघडलं. केझिया पाठमोरी आत आली, खेकड्यासारखी, आणि मारियाकडे पाठ करून शिडी धरली. "शिडी धरण्यात काही नाही," म्हणाली. कुणाला सांगत होती कोण जाणे.

मग टाचण्या लागल्या. तिने मागच्या मागे हात करून दिल्या. "टाचण्या देण्यात काही नाही." मग जाम्याची किनार चुरगळलेली दिसली. "इस्त्री मी करते. कापडच आहे." इस्त्री करून आली आणि विसरली. विसरून सरळ वर बघितलं.

मारियाचं अजून काहीच झाकलेलं नव्हतं. डोकं आणि दोन हात तेवढे कोरलेले. बाकी गळ्यापासून खाली नुसत्या लाकडी पट्ट्या, कोंबड्यांच्या खुराड्यासारख्या. आमच्या मिरवणुकीतल्या साऱ्या मारिया अशाच, साबेलची दिमाखदारसुद्धा.

केझिया बघतच राहिली. "हिच्या आत काहीच नाही?"

"नाही."

"मी पाच वर्षं या खुराड्याच्या दारासमोरून धावत जात होते?" आणि ती हसायला लागली. मला आधी टोचलं. मग मी पण. शिडी हलायला लागली तेव्हा आम्ही दोघी गप्प झालो.

नंतर खाली बसल्यावर मी म्हटलं, "आत कुणी आहे असं मला कधीच वाटलं नाही, केझिया. माझी आई कपडे चढवताना म्हणायची, तू फक्त तिला उभी कर, रस्त्यावरच्या लोकांना आठवण होऊ दे की कुणीतरी झाडायला गेलं होतं."

ती उठली. जाम्याची किनार तिनेच टाचली. समोरून, तोंड मारियाकडे करून.

६ एप्रिल, पवित्र गुरुवार

खराटा नाही.

दारामागे जुना, झिजलेला, घरचा खराटा. नवा नाही. सगळं घर शोधलं.

"कुठला, फीतवाला?" केझिया म्हणाली. "तो इसिंगबाईंना दिला."

इसिंगबाई तळ्याकाठी मासे सुकवतात. विधवा, एकट्या. सकाळी दारात आल्या होत्या, एखादा जुना खराटा असेल तर द्या म्हणून. मी चर्चमध्ये गाड्याच्या फुलांचं ठरवत होते.

"त्यांनी जुना मागितला होता ना?"

"हो. पण दारामागे नवा होता. घरात नवा असताना जुना कसा देऊ?" मग माझा चेहरा बघून हळूच, "नानाय, रविवारी चर्चमधून आणलात, म्हणजे मारियाचं काम झालं असं वाटलं. तो वापरायचा नव्हता का?"

वापरायचा नव्हता! आशीर्वाद दिलेला खराटा मिरवणुकीआधी जमिनीला लावत नाहीत. या गावातल्या पोराटोरांना ठाऊक आहे. पण तिला कोण सांगणार होतं? मीच ना. सांगायचं राहिलं. तो झाडूंच्या जागी ठेवणारीही मीच.

बोलले मात्र बरंच. "तुझ्या लेखी खराटा म्हणजे खराटा" वगैरे. ती रडली नाही. तिने माझ्या प्लास्टरखाली उशी सरकवली आणि भांडी घासायला गेली. त्यापेक्षा रडली असती तर बरं.

७ एप्रिल, उत्तम शुक्रवार, सकाळ

सहालाच तळ्याकाठी गेले, खराटा परत आणायला. दुसरा देईन, समजावून सांगेन, असं घोकत गेले.

इसिंगबाई अंगण झाडत होत्या. माशांचे खवले उन्हात चमकत उडत होते. फीत त्यांनी सोडून स्वतःच्या अंबाड्याला बांधली होती.

"ये पेतांग! तुझ्या सुनेने काय दिलाय बघ. असा ताठ! आता हे खवले एका फटकाऱ्यात जातात. मी म्हटलं, अगं जुना दे, तर ऐकेना. घरात नवा असताना जुना कसा देऊ म्हणाली."

मी अंबाड्याकडे बघितलं. खराट्याकडे बघितलं. टोकाला ओला, खवले चिकटलेले.

"जरा पाहुणचार करायला आले होते तुमचा," असं काहीतरी भलतंच बोलले. त्यांनी दोन सुके मासे कागदात बांधून दिले. ते घेऊन परत आले.

केझिया फाटकात उभी होती. मी मासे तिच्या हातात दिले आणि म्हटलं, "दारामागचा जुना आण. धूळ झटकून आण."

तिने धुऊन आणला.

८ एप्रिल, पवित्र शनिवार

काल लिहिता आलं नाही, पाय दुखत होते.

साडेपाचला मिरवणूक निघाली. आमच्या गाड्यावर पांढरी फुलं, समया, निळ्या जाम्यातली मारिया, आणि तिच्या हातात आमच्या घरचा झिजलेला खराटा, एका बाजूने आखूड. केझिया उजव्या हाताने झाडते, म्हणून डावी बाजू लांब उरली आहे.

साबेलने लांबूनच बघितलं. "काय गं, तुझी मारिया आधीच कबर झाडून आली वाटतं?"

"हो," म्हटलं. "तुझी अजून केस विंचरते आहे."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा उत्तर दिलं! ती इतकी हसली की तिच्या भाचीने तिला सावरलं.

लोक थांबून बघत होते. आमच्याकडे कधी कुणी थांबत नाही. एक म्हातारी बोट दाखवून नातीला म्हणाली, "बघ, हिने खरंच झाडलंय." फादर उर्बानोंनीही जाता जाता चष्मा वर करून बघितलं आणि नुसती मान हलवली.

मोनिना आली होती, मोजपट्टी घेऊन. चौकात गाडा थांबला तेवढ्यात मापं घेतली. "खराटा मात्र बदलावा लागेल, आत्या. हॉटेलमध्ये हा नाही चालणार. चांदीचा करून घेऊ."

केझिया मिरवणुकीत चालली नाही. पण प्रत्येक वळणावर ती फुटपाथवर उभी असायची, पाण्याची बाटली घेऊन. पाणी देण्यातही काही नसावं.

गाडा परतला की लोक त्यावरची फुलं घरी नेतात, आशीर्वादाची म्हणून. या वेळी फुलं संपल्यावर कुणीतरी खराट्यातला एक हीर उपसला. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनीच! घरी आला तेव्हा दोरीत अकरा हीर होते. मोजले.

दमले आहे. हे सगळं पुढच्या वर्षी कोण करणार? सोमवारी मोनिनाला हो म्हणून टाकावं. वाळवी तरी लागणार नाही.

९ एप्रिल, ईस्टर

पहाटेची मिस्सा झाली. घंटा वाजल्या, लहान मुलीने शोकाचा काळा पडदा प्रभूच्या मातेच्या मूर्तीवरून उचलला, सगळे रडले, सगळे हसले. दर वर्षीसारखंच, आणि दर वर्षी नवं.

साडेसहाला घरी आले तर केझिया मागच्या पायरीवर. नवे कपडे घातलेले, मांडीवर गोणपाट, अकरा हीर दोऱ्याने बांधायची खटपट चाललेली.

"ईस्टरच्या दिवशी खराट्याचं काय अडलंय?" मी विचारलं. "आणि तू गेली नाहीस अजून?"

"त्याशिवाय कशी जाऊ? आज माणसं जास्त येणार. वर सगळी धूळ आहे."

"वर म्हणजे कुठे?"

"हॉलमध्ये. हार्डवेअरवाले आठवडाभर तिथे सिमेंटची पोती ठेवतात, नानाय. रविवारी झाडल्याशिवाय बसता येत नाही. सत्तर खुर्च्या आहेत."

"तू झाडतेस?"

"कुणीतरी झाडायलाच हवं."

"कधीपासून?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून."

"मला बोलली नाहीस कधी."

ती दोऱ्याची गाठ दातांनी ओढत होती. "तुम्ही विचारलं नाहीत, नानाय."

रागाने म्हणाली असती तर उत्तर होतं माझ्याकडे. तशी म्हणाली नाही.

मी आत गेले. गाड्याची फुलं झाडायला चर्चचा एक मोठा खराटा आमच्याकडे राहिला होता, तो आणून दिला. ती धावत गेली. मी पायरीवर बसून राहिले, कॉफी निवेपर्यंत. पाच वर्षं. दर रविवारी पहाटे सहाला. आणि मी त्या वेळी मिस्सेला जाताना मनात म्हणायचे, देवा, माझ्या सुनेला वाट दाखव!

१० एप्रिल, सोमवार

मोनिनाला फोन केला. मारिया कुठे जाणार नाही.

"मग तुमच्यानंतर?" तिने विचारलं.

"माहीत नाही," म्हटलं.

खरंच माहीत नाही. केझियाला काही विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तिच्या मनाला न पटणारं ओझं तिच्या डोक्यावर कसं द्यायचं. पण ज्या बाईने आयुष्यभर हातात खराटा धरला तिला काचेत, थंड हवेत, कुणी न झाडता ठेवायचं? नाही. बाकीचं देव बघेल. सिस्टर वाल्बुर्गा मला पूर्ण नावाने हाक मारून म्हणाल्या असत्या, पेर्पेतुआ, तुझ्यासमोरची फरशी घास, पलीकडची तुझी नाही.

मोनिना थोडी रुसली. तिला सुके मासे पाठवते.

१३ एप्रिल, गुरुवार

झावळी आणवली. केझियाने हीर सोलले, मी लावले. दोन खराटे झाले. दुसरा थोडा लहान, एका हाताने पेलेल असा. 

१६ एप्रिल, रविवार

सहाला दोघी निघालो. माझी मिस्सा आज संध्याकाळची. हार्डवेअरच्या दुकानावरचा जिना चांगलाच उभा आहे. मी उजवीकडच्या खुर्च्यांखालचं झाडलं, तिने बाकीचं. गाणं म्हटलं. ते तिलाही येत होतं.

येताना बाजारात ती मध्येच थांबली. "नानाय, एक सांगते. तुमच्यानंतर मी मारियापुढे गुडघे टेकणार नाही."

"माहीत आहे मला."

"पण तिच्यावर धूळ बसू देणार नाही."